एका पिकअपमधले क्राउन-पिनियन आणि लॉकर काढून दुसऱ्या पिकअपमध्ये बसवणे

डोंगरवाट

मंडळी, थोडं सविस्तर लिहितोय, कारण काम सुरू करण्याआधी चार अनुभवी माणसांच्या नजरेखालून जायला हवंय.

माझ्याकडे दोन जुन्या पिकअप आहेत. एक १९७९ ची फोर्ड एफ-२५०, दुसरी त्याच काळातली डॉज डब्ल्यू-२००. फोर्डची चासी मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी गंजून पोकळ झालीय. परवा हातोडीचं टोक हलकेच टेकवलं तर पत्रा आत गेला आणि गंजाचे पापुद्रे तळहातावर पडले. ती गाडी संपली, हे मी मान्य केलंय. पण तिच्या पोटात जे आहे ते भंगारात घालवायचं नाही. पुढे डाना ४४ मध्ये (डाना ही अॅक्सल बनवणारी कंपनी) एआरबीचा एअर लॉकर, मागे डाना ६० मध्ये डेट्रॉइट लॉकर (लॉकर म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डिफ), आणि दोन्हीकडे ४.५६ चे गिअर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे ४.५६ फेरे. हे गिअर म्हणजेच क्राउन, अॅक्सलमधलं मोठं दातेरी चाक, आणि त्याला फिरवणारं लहान पिनियन.

डॉजलाही पुढे डाना ४४ आणि मागे डाना ६०, पण आत मूळ ३.५४. तिला आता ३१ इंची टायरच्या जागी ३५ इंची आलेत. ३.५४ गुणिले ३१ भागिले ३५ केलं तर गाडी ३.१४ चे गिअर असल्यासारखी चालते. चढावर दुसऱ्या गिअरमध्येही दम टाकते. ४.५६ घातले तर तोच हिशोब ४.०४ वर येतो, म्हणजे गाडी पुन्हा माणसात येईल.

नावं सारखी असल्यामुळे 'इकडून काढा, तिकडे घाला' असं वाटतं. तसं नसतं हे मी एकदा चांगलंच भोगलंय. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गाडीत असेच गिअर हलवून घेतले होते. ज्यांनी काम केलं त्यांनी जुन्या हाउसिंगमधल्या (अॅक्सलच्या कवचातल्या) शिम, म्हणजे जुळणीच्या पातळ चकत्या, जशाच्या तशा नव्या हाउसिंगमध्ये घातल्या, दात्यांना पेस्ट लावून ते कुठे टेकतात त्याचा ठसाही घेतला नाही. साठच्या वेगाला अॅक्सिलरेटर दाबला की खालून बारीक शीळ यायची, पाय काढला की बंद. 'गिअर बसतील, आवाज जाईल' असं सांगितलं गेलं आणि मीही ऐकलं. हजारेक किलोमीटरनंतर तेल काढलं. भांडं दिव्याखाली तिरकं धरलं तर तेलात चांदीची पूड हलत होती, आणि पिनियनच्या दात्यांच्या मुळाशी चमकदार खाचा पडल्या होत्या. चांगला, महागाचा जोड माझ्या डोळ्यांदेखत वाया गेला.

म्हणून या वेळी फोर्ड उघडण्याआधी सगळं मोजून घेणार आहे. बेत असा:

मागे लॉकर आणि क्राउन वेगळे करायचेच नाहीत. डेट्रॉइट, त्यावर बोल्ट केलेलं क्राउन आणि त्याचं पिनियन हे तिन्ही एकत्र हलवायचं. दोन्ही गाड्यांचे मागचे अॅक्सल शाफ्ट ३० स्प्लाइनचे (टोकावरच्या उभ्या खाचांचे) आहेत, हाताने मोजलेत. पुढेही तेच करायचं, फक्त एअर लॉकरच्या नळीची सोय करायची.

यात काही चुकतंय का?

जुना_फिटर

डोंगरवाट, मागचा बेत बरोबर आहे. पुढचा चुकलाय. बरं झालं आधी विचारलंत.

फोर्डचं पुढचं डाना ४४ एकदा वाकून बघा. प्रोपेलर शाफ्ट डिफच्या मध्यरेषेच्या वरून आत जातो की खालून? १९७८-७९ च्या फोर्डमध्ये ते हाय-पिनियन आहे, म्हणजे पिनियन वरच्या अंगाला. त्यासाठी दात्यांची वळणं उलट्या दिशेने कापलेली असतात. तुमच्या डॉजचं डाना ४४ साधं, लो-पिनियनचं आहे. उलट्या कापाचं क्राउन-पिनियन तिथे बसतच नाही. शिमचा किंवा घासून मारण्याचा प्रश्नच येत नाही, दाते विरुद्ध दिशेला आहेत.

हा फरक ताकदीतही दिसतो. साध्या कापाचे गिअर पुढच्या अॅक्सलला लावले की गाडी पुढे जाताना जोर दात्याच्या मागच्या, म्हणजे कोस्ट बाजूवर येतो, आणि ती बाजू कमजोर. हाय-पिनियनमध्ये पुढच्या अॅक्सललाही जोर बळकट बाजूवर पडतो. त्यामुळे तुमच्याकडचा तो जोड चांगलाच आहे, फक्त डॉजच्या कामाचा नाही.

एअर लॉकर मात्र चालेल. डाना ४४ चे कॅरिअर, म्हणजे ज्यावर क्राउन बोल्ट होतं तो भाग (लॉकरही त्याच जागी बसतो), दोन जातींचे: ३.७३ आणि त्याखालचा एक, ३.९२ आणि त्यावरचा दुसरा. तुमचा लॉकर ४.५६ सोबत होता म्हणजे तो वरच्या जातीचा. त्यावर साध्या कापाचा ४.५६ चा नवा जोड चढवा.

वंगण

काका, दोन जाती का असतात ते नव्या लोकांसाठी सांगाल का? मला बरीच वर्षं वाटायचं की कंपन्या मुद्दाम अडवणूक करतात.

जुना_फिटर

अडवणूक नाही हो, भूमिती आहे. डाना ६० च्या क्राउनचा व्यास ९.७५ इंच, कुठलाही रेशो घ्या. ३.५४ मध्ये क्राउनला ४६ दाते आणि पिनियनला १३. ४.५६ मध्ये क्राउनला ४१ आणि पिनियनला फक्त ९. नऊ दात्यांचं पिनियन तेरा दात्यांच्या पिनियनपेक्षा डोक्याकडे बारीक असणार. मग क्राउनला पिनियनच्या जवळ सरकावं लागतं. एका मर्यादेपर्यंत क्राउन जाड करून भागतं, त्यापुढे कॅरिअरवरची क्राउन बसण्याची कडाच सरकवलेला कॅरिअर बनवतात. डाना ६० मध्ये ही हद्द ४.१० आणि ४.५६ च्या मधे आहे. खालच्या जातीच्या लॉकरवर ४.५६ चढवायचेच असतील तर जाड क्राउनचे जोड मिळतात, पण जुळवाजुळव करण्याआधी कॅरिअर कुठल्या जातीचा ते नक्की करा.

डोंगरवाट

काका, आत्ताच टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. तुम्ही म्हणालात तसंच आहे, फोर्डचा शाफ्ट वरून आत जातो, डॉजचा खालून. इतकी वर्षं त्या गाडीखाली लोळलो आणि ही गोष्ट नजरेत भरली नव्हती. मनापासून आभार. पुढच्यासाठी साध्या कापाचा नवा जोड घेतो.

घसरगुंडी

मला एक कळत नाही. अख्खे अॅक्सलच का बदलत नाही? दोन्ही फोर्डचे अॅक्सल काढा, डॉजखाली घाला. आतलं काही उघडायला नको, शिम नको, ठसे नकोत. जुळलेली गोष्ट जुळलेली राहते.

तेलकट_हात

घसरगुंडी, एकाच कंपनीच्या, एकाच पिढीच्या दोन गाड्या असत्या तर मी पहिल्यांदा हेच सुचवलं असतं. अख्खा अॅक्सल हलवणं हाच सगळ्यात सुरक्षित मार्ग. पण इथे फोर्ड आणि डॉज आहेत. पाट्यांच्या बैठका वेगळ्या अंतरावर, ब्रेकच्या नळ्या वेगळ्या, हँडब्रेकच्या केबल वेगळ्या, शॉकअपचे टेकू वेगळे, पुढे स्टिअरिंगचा दांडा वेगळा. मागच्या अॅक्सलच्या बैठका कापून नव्या जागी वेल्ड कराव्या लागतील, आणि पिनियनचा कोन धरून कराव्या लागतील. एका जागी सलग वेल्ड मारलं तर नळी वाकते. मग शाफ्ट तिरका फिरतो आणि सील टिकत नाही. टाके टाके करत, थंड होऊ देत वेल्ड करणारा माणूस जवळ असेल तर करा.

ज्यांच्याकडे मागे फोर्डचं ९ इंची आहे ते या बाबतीत नशीबवान. त्यात क्राउन, पिनियन आणि लॉकर असलेला अख्खा गोळा पुढून बोल्ट काढून बाहेर येतो. टोयोटा हायलक्सच्या ८ इंचीचंही तसंच. शाफ्ट थोडे बाहेर ओढा, गोळा काढा, दुसऱ्या गाडीत घाला. स्प्लाइन जुळल्या, योक (पिनियनला प्रोपेलर शाफ्ट जोडणारा तुकडा) जुळला, की झालं. दात्यांची जुळणी मोडतच नाही, कारण ती त्या गोळ्यातच बंद असते. डानामध्ये ती जुळणी हाउसिंगवर अवलंबून, म्हणून एवढी कटकट.

डोंगरवाट

तेलकट_हात, अगदी हेच. माझ्याकडे वेल्डिंगचं यंत्र आहे, पण अॅक्सलची नळी सरळ ठेवण्याइतका हात बसलेला नाही. आणि डॉजचे हाउसिंग ठणठणीत आहेत.

मागचं काम पुढच्या आठवड्यात काढतोय. काढण्याआधी नेमकं काय काय लिहून ठेवू?

जुना_फिटर

हे विचारलंत म्हणजे निम्मं काम झालं. जुळलेला डिफ उघडलात की तो जे सांगत होता ते कायमचं गेलं. म्हणून बेअरिंगच्या कॅपला हात लावण्याआधी, नुसतं कव्हर काढून तेल निथळलं की दाते पुसून कोरडे करा आणि मार्किंग पेस्ट लावा. एका माणसाने चाक धरून किंचित ब्रेक द्यायचा, दुसऱ्याने पिनियन फिरवायचं. जो ठसा येईल त्याचा जवळून फोटो काढा, दोन्ही बाजूंचा. मग डायल गेज क्राउनच्या दात्यावर काटकोनात टेकवून बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, मोजा, तीन-चार ठिकाणी. नव्या जोडाला साधारण ६ ते १० थाऊ ठेवतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तुमच्या वापरलेल्या जोडाला ११ किंवा १२ सापडले तरी घाबरू नका. ते दाते त्या अंतरावर एकमेकांना घासून बसलेत. नव्या हाउसिंगमध्येही तोच आकडा आणायचा. पुस्तकातल्या आकड्यासाठी जुना जोड घट्ट केलात तर घासलेल्या आणि न घासलेल्या भागाची कड एकमेकांवर येते आणि मग आवाज सुरू होतो.

बेअरिंगच्या कॅपवर पंचने खुणा करा, एकीला एक ठिपका, दुसरीला दोन. त्या हाउसिंगसोबतच कापलेल्या असतात. उलटसुलट किंवा दुसऱ्या गाडीच्या लावायच्या नाहीत.

आता शिम. पिनियनच्या डोक्यावर एक आकडा कोरलेला असतो, अधिक किंवा उणे. डॉजच्या मूळ पिनियनवरचा आकडा आणि फोर्डच्या पिनियनवरचा आकडा इथे लिहा, पुढचं सांगतो.

वंगण

डेट्रॉइट काढण्याआधी तो धड आहे का तेही बघा. दोन्ही मागची चाकं हवेत, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, म्हणजे पिनियन अडकलेलं. दोन्ही चाकं मागच्या दिशेला जातील तेवढी फिरवा. आता एक चाक तसंच मागे दाबून धरा आणि दुसरं पुढे फिरवा. ते मोकळं फिरलं पाहिजे, बारीक टिकटिक करत. मग बाजू बदलून, मग दिशा बदलून पुन्हा. एखादी बाजू सुटत नसेल तर आतले दाते किंवा स्प्रिंग गेलेत. असा लॉकर हलवण्यात दोन दिवस घालवू नका.

आणि या लॉकरला क्लचच्या प्लेटा नसतात, त्यामुळे तेलात लिमिटेड स्लिपचं ते वेगळं औषध टाकायची गरज नाही.

डोंगरवाट

आठवड्याचा हिशोब देतो.

डेट्रॉइटची चाचणी चारही वेळा पास. टिकटिक इतकी स्वच्छ होती की शेजारी उभा असलेला भाचा म्हणाला, मामा, घड्याळ आहे का आत?

फोर्डमध्ये बॅकलॅश चार ठिकाणी मोजला, ११, ११, १२, ११ थाऊ. ठसा दात्याच्या मधोमध, किंचित आतल्या अंगाला. फोटो काढले. डॉजच्या मूळ पिनियनवर उणे १ आहे, फोर्डच्यावर अधिक २. काका, सांगा.

जुना_फिटर

डानामध्ये खोलीची, म्हणजे पिनियन किती आत बसेल ते ठरवणारी, शिम आतल्या बेअरिंगच्या कपाखाली, हाउसिंगमध्ये असते. शिम वाढवली की पिनियन क्राउनच्या मध्याकडे सरकतं. अधिक आकड्याच्या पिनियनला थोडं लांब बसायचं असतं, म्हणून शिम कमी. उणे १ वरून अधिक २ म्हणजे तीनचा फरक. सुरुवात डॉजच्या स्वतःच्या शिमपासून करा आणि त्यातून ३ थाऊ कमी करा. फोर्डच्या हाउसिंगमधली शिम बाजूला ठेवा, ती त्या हाउसिंगच्या कापाचं माप आहे. तुमच्या आधीच्या गाडीत नेमकी हीच चूक झाली होती.

हा आकडा सुरुवातीपुरता. शेवटचा शब्द ठशाचा. दात्याच्या मुळाशी गेला तर पिनियन फार आत, शिम काढा. दात्याच्या माथ्याकडे गेला तर शिम घाला. ठसा आतल्या-बाहेरच्या टोकांकडे सरकत असेल तर ते बॅकलॅशचं काम. कॅरिअर एका बाजूकडून दुसरीकडे १० थाऊ सरकवला की बॅकलॅश साधारण ७ थाऊने बदलतो.

जुन्या डाना ४४ आणि ६० मध्ये क्रश स्लीव्ह (दबून बेअरिंगचा घट्टपणा धरणारी नळी) नसते, पिनियनचा प्रीलोड, म्हणजे बेअरिंगचा घट्टपणा, तोही शिमनेच होतो. तो जुळवण्यासाठी वेगळी, शाफ्टवरची गड्डी. या दोन गड्ड्यांची सरमिसळ करू नका, दोन डब्यांत ठेवा. क्रश स्लीव्ह असलेल्या डिफवाल्यांनी मात्र दर वेळी नवी स्लीव्ह घालायची, एकदा दबलेली पुन्हा चालत नाही.

तेलकट_हात

एक भर घालतो. कप दर वेळी ठोकून काढायचा-घालायचा त्रास वाचवायला जुन्या कपाचा बाहेरचा व्यास एमरीने किंचित घासून घ्या, म्हणजे तो हाताने बसतो-निघतो. कॅरिअरच्या जुन्या बेअरिंगचं आतलं भोकही तसंच थोडं मोठं करा. ही जोडी फक्त जुळणीसाठी. शेवटी नवी बेअरिंग ठोकून बसवली की ठसा आणि बॅकलॅश पुन्हा एकदा घ्या, कारण नव्या-जुन्या बेअरिंगच्या जाडीत थाऊ-दोन थाऊचा फरक पडू शकतो.

घसरगुंडी

मध्येच विचारतो. माझ्याकडे मूळ कॅरिअरमध्ये बसणारा छोटा लॉकर आहे, स्पायडर गिअरच्या (कॅरिअरमधल्या छोट्या गिअरच्या) जागी घालतात तो. तो हलवायलाही एवढं सगळं लागेल?

वंगण

नाही. तो कॅरिअरच्या पोटात बसतो, क्राउन-पिनियनची जुळणी त्यात हलत नाही. कॅरिअर बाहेर काढावा लागला तरी त्याच शिम त्याच बाजूला परत गेल्या की काम झालं. फक्त शाफ्टच्या स्प्लाइन आणि मधल्या पिनचा व्यास जुळतोय का बघा, आणि सोबतच्या कागदावर दिलेली आतली फट फीलर गेजने तपासा. मूळ कॅरिअर झिजलेला असेल तर ती फट जास्त येते आणि लॉकर सुटायला लागतो.

डोंगरवाट

मागचं झालं!

३ थाऊ कमी करून पहिला ठसा घेतला तर तो अजून थोडा मुळाकडे होता. आणखी २ काढले. दुसऱ्या ठशात पेस्ट नेमकी जुन्या चकाकीवर उमटली. कव्हर उघडं, हातात दिवा, आणि पिवळ्या पेस्टच्या मधोमध तीच लांबट चकाकी जी फोर्डमध्ये फोटोत होती. दोन फोटो शेजारी धरून बघितले आणि खूप वेळ तसाच बसून राहिलो. बॅकलॅश ११ वर आणला. नवी बेअरिंग चढवून पुन्हा मोजला, ११ च.

योक डॉजचाच ठेवला, म्हणजे प्रोपेलर शाफ्टला हात लावावा लागला नाही. पिनियनच्या स्प्लाइन आधी मोजून घेतल्या होत्या.

आता पुढचं. एअर लॉकर बाकावर आहे. हाउसिंगला भोक पाडायची भीती वाटतेय.

तेलकट_हात

भोक हाउसिंगच्या वरच्या भागात, तेलाच्या पातळीच्या वर, आणि आतून नळीला क्राउन लागणार नाही अशा जागी. पाव इंची पाइपचे आटे पाडायचे असतात. ड्रिल आणि टॅप दोन्हीला भरपूर ग्रीस लावा, म्हणजे चुरा त्यालाच चिकटतो. आणि हे काम सगळ्यात आधी, हाउसिंग रिकामं असताना. नंतर आत गेलेला एक तुकडाही बेअरिंगला पुरेसा असतो.

सील हाउसिंगवरच्या दोन्ही ओ-रिंग नव्याच घाला, जुन्या कितीही चांगल्या दिसल्या तरी. बाकावरच हवा देऊन बघा. लॉकर खट् करून लागला पाहिजे आणि साबणाच्या पाण्याला बुडबुडे येता कामा नयेत. तांब्याची नळी एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवू नका, तिथेच चिरते. क्राउनचे बोल्ट नवे, आटे स्वच्छ पुसून, लाल थ्रेडलॉक लावून, टॉर्क पान्याने आडव्यातिडव्या क्रमाने.

पुढचा जोड नवा असल्यामुळे तिथे पुस्तकातलाच बॅकलॅश.

वंगण

एक महत्त्वाचं, पुढचं होईपर्यंत फोर-व्हील लावू नका! मागे ४.५६ आणि पुढे ३.५४ असताना ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) दोन्हीकडून पिळली जाते. ४.१० आणि ४.०९ इतका फरक चालून जातो, हा नाही.

डोंगरवाट

लीव्हरलाच तार बांधून ठेवलीय, चुकून कुणी ओढू नये म्हणून.

(बारा दिवसांनी)

पुढचंही पूर्ण झालं. भोकाचं काम अर्ध्या तासात झालं, भीती उगाच होती. नव्या जोडाचा ठसा चौथ्या प्रयत्नात आला, बॅकलॅश ८ थाऊ. पहिल्या दिवशी वीस मिनिटं रमतगमत चालवून थांबवली, हाउसिंगला हात लावून बघितला, पूर्ण थंड होऊ दिली, मग पुन्हा. ओढकाम पहिले ८०० किलोमीटर बंद. नंतर दोन्ही तेलं बदलली. भांडं पुन्हा दिव्याखाली धरलं. पुढच्या तेलात नव्या जोडाची किंचित करडी छटा, चुंबकावर बोटाला लागेल इतकी पातळ लव. मागचं तेल स्वच्छ.

शीळ नाही. साठला नाही, ऐंशीला नाही, पाय काढल्यावरही नाही. स्पीडोमीटर अर्थातच जास्त दाखवतोय, माझा केबलचा आहे, ट्रान्सफर केसमधलं छोटं प्लास्टिकचं गिअर बदलतोय.

जुना_फिटर

छान काम केलंत. नव्या गाड्या असलेल्यांनी इथे एक गोष्ट लक्षात घ्या. काही गाड्यांमध्ये एबीएससाठी दातेरी रिंग क्राउन किंवा कॅरिअरवरच ठोकलेली असते. लॉकर हलवताना ती जुन्या कॅरिअरवर राहून गेली तर डॅशबोर्डचा दिवा विझत नाही. आणि रेशो बदलल्याचं कॉम्प्युटरला सांगावं लागतं, नाहीतर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चुकीच्या वेगाला गिअर टाकतो.

घसरगुंडी

डोंगरवाट, तुमच्याकडे फोर्डचा तो उलट्या कापाचा ४.५६ चा जोड उरलाय ना? माझ्या एफ-२५० ला पुढे हाय-पिनियन डाना ४४ आहे. विकणार असाल तर मला सांगा.

डोंगरवाट

नक्की. क्राउन आणि पिनियन तारेने एकत्र बांधून, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवलेत. सोबत फोर्डमधल्या ठशाचे फोटो, बॅकलॅशचे आकडे आणि पिनियनवरची खूण लिहिलेला कागद देतो. तुमच्या कॅरिअरची जात तेवढी आधी बघून ठेवा, ३.९२ आणि त्यावरच्या जातीचा लागेल.